पडवीतल्या खिडक्या: गंजलेल्या बिजागऱ्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार. पाहणी.

काल दसरा होता, मेस्त्रीकाकांची हत्यारं पूजेत होती. ते पुढच्या शनिवारी येतील. तोवर घरातली प्रत्येक खिडकी उघडून-मिटून पाहून ठेवली.

घर वेंगुर्ल्यात, समुद्राच्या अगदी जवळ. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आजोबांनी घर बांधलं तेव्हाच्या सागवानी झडपा आणि तेव्हाच्याच चार इंची लोखंडी बिजागऱ्या. समोरच्या पडवीत पश्चिमेकडे तोंड करून दोन मोठ्या खिडक्या आहेत. त्यांची हालत सगळ्यांत वाईट. डावीची एक झडप पूर्ण मिटतच नाही. बिजागरीची नळी फुगली आहे, पातीच्या मागे गंजाचे पापुद्रे साचलेत आणि त्यांनी पाती चौकटीपासून जवळजवळ पाव इंच उचलली आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. त्या जोराने चौकटीच्या लाकडाला उभी चीर गेली आहे. चार स्क्रूंपैकी दोघांची डोकी बोटाने सुटून हातात आली.

मागीलदारच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या ठीक आहेत, ते अपेक्षितच होतं. माळ्यावरच्या खिडकीने मात्र मला विचारात पाडलं. ती दक्षिणेच्या त्रिकोणी भिंतीत आहे, वर छप्पर पुढे आलेलं नाही, पावसाळाभर सपासप पाणी खाते. तिच्या बिजागऱ्यांवर तांबूस थर आहे, पण तो नखाने खरवडला तर खाली लोखंड शाबूत. आणि पडवीतल्या खिडक्या, ज्यांना वर्षभर पावसाचा थेंब लागत नाही, त्या सडल्या. आईचं म्हणणं, माळ्यावरची बिजागरी चांगल्या लोखंडाची असेल. पण बिजागऱ्या सगळ्या एकाच मापाच्या, एकाच घडणीच्या आहेत. काढल्यावर शेजारी ठेवून बघायला हव्यात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.

सकाळी साडेसहाला पडवीत गेले. काच कोरडी, लाकूड कोरडं, फक्त बिजागऱ्या ओल्या. बोट फिरवलं तर गार, किंचित चिकट ओल. दुपारी बाराला त्याच बिजागऱ्या खडखडीत सुक्या आणि फिक्या तपकिरी. संध्याकाळी पुन्हा काळपट, ओलसर.

हे मिठाचं काम आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे पाऊस नको, दव नको, बिजागरीवर बसलेलं मीठच तिला रोज रात्री भिजवतं. दिवसा खारे वारे आणखी मीठ आणून टाकतात. माळ्यावरच्या खिडकीवरही तेच मीठ बसतं, पण पहिल्या मोठ्या सरीत धुऊन जातं. पडवीतलं वळचणीखाली साचत राहतं, वर्षानुवर्षं. आपण ज्या खिडकीला जपलेली समजतो, तिच्यावरच मिठाचं सर्वांत जास्त ओझं असतं.

हे एकदा ध्यानात आल्यावर कामाची दिशा बदलली. आधी बेत होता खरवडायचं, रंगवायचं आणि मोकळं व्हायचं. आता गंजाबरोबर मीठही काढायचं आहे, नाहीतर रंगाखाली सगळं तसंच चालू राहील.

१९ ऑक्टोबर, शनिवार. झडपा उतरवल्या.

मेस्त्रीकाका सकाळी आठला आले. बिजागऱ्या पाहून म्हणाले, "खारो वारो लोखंडाक सोडणा नाय."

काम सुरू करण्यापूर्वी रंगाची काळजी घेतली. या झडपांवर जुन्या ऑइलपेंटचे कितीतरी थर आहेत. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ सालचे, लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं धरूनच चालावं. म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी शिंपडत, ओल्या पॉलिश पेपरने, तोंडाला मास्क लावून. खाली प्लास्टिक अंथरलं, खरवड त्यातच गोळा केली, केरसुणी फिरवली नाही. शेजारची मुलं रोज पडवीत खेळायला येतात, त्यांना दोन दिवस मागीलदारी पाठवलं.

स्क्रू काढणं हा या सगळ्या कामातला सर्वांत चिवट भाग. डोक्याची खाच रंगाने आणि गंजाने भरलेली असते. स्क्रू ड्रायव्हर तिथे नीट बसत नाही, घसरतो, आणि एकदा खाचेचे काठ गेले की संपलं. त्यामुळे आधी हॅकसॉच्या ब्लेडचं टोक घेऊन प्रत्येक खाच तळापर्यंत साफ केली. मग पातळ तेल सोडून अर्धा तास थांबलो. मग डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापवून त्याचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरलं, मिनिटभर, लाकडाला चटका बसू न देता. लोखंड तापून फुगतं, गार होताना आकसतं आणि गंजाने धरलेली पकड तुटते. मी लगेच उलटा फिरवायला लागले तर काकांनी हात धरला. "आदी वायच आत फिरव, मगे भायर काढ." थोडासा आत घट्ट केला की कर्र असा आवाज येतो, तो आला की स्क्रू सुटला. मग अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, असं करत वर आणायचा.

ज्यांची डोकीच गेली होती ते राहिले लाकडात. काकांनी त्यांच्याभोवती पटाशीने जागा करून पक्कडीने उपसले.

निघालेल्या स्क्रूभोवतीचं लाकूड निळसर काळं होतं. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला की शाई होते, पोथ्या लिहायला आपल्याकडे ती वापरत. लाकडातलं टॅनिन आणि स्क्रूचं लोखंड मिळून इथे तीच शाई झाली आहे. काळेपणाचं काही नाही, पण तेवढ्या भागातलं लाकूड मऊ पडून भुसभुशीत झालं आहे. पटाशीचं टोक टेकवलं तर सहज आत जातं. वरच्या बिजागऱ्यांची भोकं जास्त ढिली. झडपेचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं, त्यामुळे स्क्रू उपटले जातात ते नेहमी वरचे.

माळ्यावरची बिजागरीही काढून शेजारी ठेवली. तीच घडण, तीच जाडी, पातीवर तोच ठसा.

२० ऑक्टोबर, रविवार. कोणती ठेवायची, कोणती टाकायची.

पडवीतल्या आठ बिजागऱ्या. तारेच्या ब्रशने घासून प्रत्येकीच्या पातीची जाडी कॅलिपरने मोजली आणि पिन हलवून पाहिली. पातीची जाडी मूळच्या दोनतृतीयांशाहून कमी असेल, किंवा नळीत पिन खुळखुळत असेल, तर ती बाद. स्क्रूच्या भोकाचे काठ उरले नसतील तरी बाद. आठांतल्या चार टिकल्या. त्या चारही उजव्या खिडकीला लावायच्या, डावीला नव्या आणायच्या.

ज्या ठेवल्या त्यांच्या पिना ठोकून काढल्या. पाती सुट्या केल्याशिवाय नळीच्या आतला गंज निघत नाही, आणि झडप करकरते ती तिथेच.

गंज काढायला दोन मार्ग होते. एक लिंबूसत्वाचं पाणी, दुसरा वीज. लिंबूसत्व वाण्याकडे मिळतं, लिटरभर कोमट पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम टाकून रात्रभर बुडवलं की गंज सुटतो. पण आम्ल चांगल्या लोखंडालाही थोडं खातं आणि खड्ड्यांतलं मीठ मागे ठेवतं. म्हणून या चौघींसाठी विजेचा मार्ग धरला. प्लास्टिकची बादली, पाण्यात लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, जुना १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक बिजागरीला, धन टोक सळईच्या जुन्या तुकड्याला, दोघं एकमेकांना शिवणार नाहीत असे टांगलेले. गंज सैल होऊन काळ्या चिखलासारखा सुटतो, आणि क्लोराईडही, म्हणजे मिठाचा गंजवणारा भाग, लोखंडातून निघून धन टोकाकडे ओढलं जातं. आमच्या कामाला हा दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा. जुन्या लोखंडी वस्तू जपणारे लोकही अशाच अल्कधर्मी पाण्यात वस्तू बुडवून मीठ बाहेर काढतात.

सांभाळायचं ते असं. बादली उघड्यावर हवी, कारण हायड्रोजन निघतो. जवळ विडी-काडी नाही. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात नाही. आणि सळईच्या जागी स्टेनलेसचा चमचा किंवा पट्टी मुळीच लावायची नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंडही नको.

संध्याकाळी बिजागऱ्या बाहेर काढल्या, ब्रशने धुतल्या. गंज गेला तिथे राखाडी, खवल्यासारखं लोखंड दिसायला लागलं, कडेला घडवताना पडलेल्या हातोडीच्या खुणाही. मग पावसाळ्यात साठवलेलं पागोळीचं पाणी उकळून त्यात बुडवल्या, पाणी गार झालं की बदललं, पुन्हा उकळलं. विहिरीचं पाणी वापरलं नाही, उन्हाळ्याच्या सुमारास ते मचूळ लागतं, म्हणजे त्यातही मीठ आहे. शेवटच्या उकळत्या पाण्यातून काढून लगेच पुसल्या आणि उन्हात ठेवल्या. उकळत्या पाण्यातून काढलेलं लोखंड आपोआप सुकतं, त्यामुळे वर तांबूस झाक चढायला वेळच मिळत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार. बाजार.

कुडाळला जाऊन आले. दुकानात "स्टेनलेस" म्हणून जे समोर ठेवतात त्यात बरंच काही येतं. चुंबक लावला आणि घट्ट चिकटला तर ते निकेल नसलेलं, समुद्राकाठी घ्यायचं नाही. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे चांगलंच, असंही नाही. स्टेनलेसच्या प्रतींना आकडे असतात: कमी निकेलचं, मँगनीज जास्त असलेलं २०२, चांगलं ३०४ आणि त्याहून चांगलं ३१६, तिन्ही चुंबकाला सारखीच. ३०४ आणि ३१६ मध्ये खरा फरक मॉलिब्डेनमचा. ३१६ मध्ये ते दोन-तीन टक्के असतं आणि खाऱ्या हवेत त्यानेच टिकाव लागतो. ३०४ वर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात, मजबुती जात नाही पण धुवत राहावं लागतं. ३१६ ची बिजागरी दुकानात नव्हतीच.

डावीसाठी पितळी बिजागऱ्या घेतल्या. जुन्या सागवानी झडपेला त्या शोभतात आणि खाऱ्या हवेत पितळ शांतपणे जगतं, वरून काळवंडतं एवढंच. घेताना दोन गोष्टी दुकानातच करून पाहिल्या. चुंबक लावला, आणि आतल्या बाजूला कानशीचा एक हलका घसारा मारला. पितळी मुलाम्याखाली लोखंड असेल तर दोन्हीत कळतं. पिनही पितळेचीच आहे ना, ते वेगळं पाहिलं. बऱ्याचदा पाती पितळी आणि पिन लोखंडी असते.

स्क्रूही पितळीच. दुकानदार लोखंडी देत होता, स्वस्त आणि जास्त मजबूत म्हणून. पण पितळेच्या मोठ्या पातीत लोखंडी स्क्रू म्हणजे खाऱ्या ओलीत दोन धातूंची बॅटरी, आणि तिच्यात झिजतं लोखंड. पाती मोठी आणि स्क्रू छोटा, त्यामुळे सगळी झीज त्या छोट्या स्क्रूवर येते. बिजागरी चकचकीत राहते आणि झडप एक दिवस खाली येते.

३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. दिवाळी. काम बंद. पडवीच्या खिडक्यांना चादरी बांधल्या आहेत.

९ नोव्हेंबर, शनिवार. रंग.

लोखंडी पातींच्या धारदार कडा कानशीने गोल केल्या. धारेवरून रंग मागे सरतो, तिथे थर पातळ राहतो आणि गंज नेहमी कडेपासून सुरू होतो. नंतर झिंक फॉस्फेट प्रायमर, त्यावर इनॅमलचे दोन हात. नळीच्या आत आणि पिनेला रंग नाही, तिथे ग्रीस.

रंगाची वेळ सकाळी दहा ते साडेबारा ठेवली. त्याआधी ओल असते, आणि दुपारी खारे वारे सुटले की ओल्या रंगावर मीठ बसतं. प्रत्येक हातापूर्वी पाती गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून सुकवली. हा नियम मी स्वतःसाठी लिहून ठेवते, कारण घाईत सर्वांत आधी हाच सुटेल: मिठावर दिलेला रंग फोड धरतो. रंगाच्या थरातून पाणी मिठाकडे ओढलं जातं आणि खालून फुगारा येतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार. झडपा चढवल्या.

चौकटीतलं मऊ काळं लाकूड पटाशीने काढून काकांनी जुन्या सागाच्या खुंट्या कापून बसवल्या, इपॉक्सी लावून. खुंटीत स्क्रू शिरतो तो लाकडाच्या रेषांना आडवा शिरेल अशी ती बसवली. रेषांच्या बाजूने गेलेला स्क्रू लवकर ढिला होतो. काडेपेटीच्या काड्या ठोकून भोक भरायची पद्धत आहे, पण एवढ्या जड झडपेला ती पुरत नाही.

खाचेत पाती बसवण्यापूर्वी खाचेलाही रंगाचा हात दिला. ते उघडं लाकूड ओल धरून ठेवतं, आणि पातीच्या मागचा गंज तिथूनच येतो. पितळी स्क्रू मऊ असतो, थेट पिळला तर मान तुटते. म्हणून आधी गिरमिटाने भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट केली, तो काढला आणि मेण लावून पितळी बसवला.

डाव्या खिडकीच्या झडपा दुपारी चढल्या, उजवीच्या संध्याकाळी. वरच्या बाजूला खेळातल्या दोन पत्त्यांच्या जाडीची फट काकांनी ठेवली. पावसाळ्यात साग थोडा तरी फुगणार, तेवढी जागा हवी. आईने डावीची झडप एका बोटाने मिटवली आणि पुन्हा उघडली, पुन्हा मिटवली.

आता माझ्या शंकेची परीक्षा: गंज खरंच साचलेल्या मिठाचाच का? उजव्या खिडकीच्या दोन्ही झडपांना सारख्याच जुन्या बिजागऱ्या, सारखाच रंग, सारखीच जागा. त्यातल्या फक्त उत्तरेकडच्या झडपेच्या बिजागऱ्या दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुवायच्या. तांब्याभर पाणी आणि स्पंज, नंतर कोरडं फडकं, नळीच्या वरच्या टोकाला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. दक्षिणेकडच्या झडपेला फक्त तेल, पाणी नाही. बाकी सगळ्या खिडक्या धुवायच्या.

तेलाबद्दल इथेच लिहून ठेवते. घरोघरी बिजागरीत खोबरेल सोडतात. करकर थांबते खरी, पण खोबरेल खवट होतं, आम्ल धरतं आणि धूळ पकडतं. पातळ स्प्रे अडकलेलं सोडवायला चांगला, पण तो उडून जातो, संरक्षण म्हणून टिकत नाही. पिन बाहेर काढून लावलेलं ग्रीस सर्वांत जास्त काळ टिकतं.

१५ मार्च २०२५, शनिवार.

शिमगा आटोपला. पाहणी केली. पितळी बिजागऱ्यांची चकाकी गेली, बाकी काही नाही. उजव्या खिडकीच्या दोन्ही झडपांत अजून डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. दक्षिणेच्या झडपेची नळी सकाळी ओलसर असते, उत्तरेची कोरडी. हाताला कळतं.

३१ मे, शनिवार.

यंदा पाऊस फारच लवकर आला. २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत. आमच्याकडे त्याच्याही आधीपासून कोसळतोय, पडवीला झाप (माडाच्या झावळ्यांचा आडोसा) बांधायच्या आतच. झाप पागोळ्या आणि वारा अडवतं, पण नैर्ऋत्येच्या वाऱ्यात लाटा फुटून उडणारे तुषार बारीक होऊन त्याच्या फटींतून आत येतात. मिठाचा सर्वांत मोठा मारा याच चार महिन्यांत. धुणं थांबवायचं नाही. दमट हवेत फडक्याने कोरडं करणं मात्र आणखी महत्त्वाचं.

न्हाणीघराच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडकीचे फ्रिक्शन स्टे, म्हणजे उघडी खिडकी धरून ठेवणाऱ्या सरकत्या पट्ट्या, त्याही आज धुतल्या. चुंबक चिकटला, म्हणजे ते बदलायलाच हवेत. तोवर सरकणाऱ्या गुटक्यावर तेल नाही, फक्त फिरत्या सांध्यांवर थेंबभर. गुटक्याचं घर्षण गेलं तर वाऱ्याने खिडकी आपटेल.

१३ सप्टेंबर, शनिवार.

गणपती गेले, आज सावकाश पाहिलं.

उजवी खिडकी, उत्तरेची झडप, धुतलेली: रंग अखंड. खालच्या बिजागरीच्या एका कोपऱ्यावर मोहरीएवढा तपकिरी ठिपका.

उजवी खिडकी, दक्षिणेची झडप, न धुतलेली: नळी आणि पाती जिथे मिळतात त्या रेषेत रंग फाटलाय. खालच्या बिजागरीवर हरभऱ्याएवढे तीन फोड. एक टोचला तर आतून पिवळट तांबडं पाणी आलं आणि खाली उघडं लोखंड. एका पावसाळ्यात इतकं. झडप फिरताना जड लागते.

माळ्यावरची खिडकी: गेल्या ऑक्टोबरमध्ये जशी होती तशीच.

काकांना बोलावून दोन्ही दाखवल्या. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले, मग विचारलं की पाणी विहिरीचं की पावसाचं. पावसाचं, म्हटलं. त्यांच्या घरच्या खिडक्या बंदराच्या बाजूला आहेत.

परीक्षा संपली, आजपासून ही झडपही धुवायची. दक्षिणेच्या झडपेच्या दोन्ही बिजागऱ्या पाऊस उघडला की उतरवायच्या, पुन्हा सोड्याच्या पाण्यात, पुन्हा उकळून, पुन्हा रंग. पावसाचं पाणी दोन कॅन भरून वेगळं ठेवलं आहे, पुढच्या जूनपर्यंत पुरायला हवं. न्हाणीघराच्या खिडकीसाठी बारा इंची फ्रिक्शन स्टेची जोडी ३१६ मध्ये मागवली, आल्यावर तिच्या रिव्हेटवर चुंबक लावून पाहणं बाकी.